शुद्ध नवमी ते वद्य नवमी: चंद्रावरचे टायको विवर कसे पाहावे आणि कसे मोजावे

चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचे सुमारे ८५ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. पृथ्वीवरून पाहताना त्याची रुंदी साधारण ४५ विकला भरते, म्हणजे एका कलेहूनही कमी. इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. चंद्रकोरीच्या वाढण्या-घटण्याला आपण कला म्हणतो तो अर्थ वेगळा. ज्यांचे नाव या विवराला दिले आहे त्या टायको ब्राहे यांनी दुर्बीण अस्तित्वात नसताना, नुसत्या डोळ्यांनी आणि स्वतः घडवून घेतलेल्या उपकरणांनी, ताऱ्यांच्या जागा जवळजवळ एका कलेच्या अचूकतेने मोजल्या. १६०१ साली त्यांचे निधन झाले आणि १६०९ साली आकाशाकडे दुर्बीण वळली, त्यामुळे चंद्रावरचे एकही विवर त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या मापनाची जिथे हद्द झाली, जवळपास त्याच मापाचे विवर त्यांच्या नावाने ओळखले जावे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. म्हणून या लेखात विवर नुसते पाहून थांबायचे नाही, तर घरच्या दुर्बिणीने ते मोजायचेही आहे. या लेखात टायको म्हणजे विवर आणि ब्राहे म्हणजे खगोलशास्त्रज्ञ, असा भेद शेवटपर्यंत ठेवला आहे.

आधी तिथी ठरवावी

चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला, अशी पुष्कळांची समजूत असते. विवरांच्या बाबतीत ती चुकीची आहे. पौर्णिमेला सूर्यप्रकाश जवळजवळ आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतो, सावल्या दिसत नाहीत आणि उंच-सखल सगळे सपाट भासते. विवराची खोली डोळ्यांना जाणवते ती त्या जागी सूर्य नुकताच उगवलेला किंवा मावळतीला आलेला असताना, म्हणजे चंद्रबिंबावरची उजेड-अंधाराची सीमारेषा त्या विवराजवळून जात असताना.

ही सीमारेषा कधी कुठे असेल हे सांगायला आपल्याकडे पंचांगासारखे सोपे साधन दुसरे नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, आणि सीमारेषाही चंद्राच्या रेखांशांवरून दिवसाला साधारण १२ अंशच सरकते. अष्टमीच्या मध्यावर हे अंतर ९० अंश होते, बिंब बरोबर अर्धे उजळते आणि सीमारेषा चंद्राच्या मध्यरेखांशावर येते. टायको त्या मध्यरेखांशाच्या पश्चिमेस सुमारे ११ अंशांवर आहे. म्हणजे तिथे सूर्य उगवतो तेव्हा सूर्य-चंद्रातील अंतर १०१ अंशांच्या आसपास असते, आणि ९६ ते १०८ अंश ही तिथी म्हणजे शुद्ध नवमी. याच हिशेबाने तिथला सूर्यास्त वद्य नवमीला येतो. पृथ्वीवरून पाहताना चंद्र किंचित डुलत असल्यामुळे ही वेळ कधी अर्ध्यापाऊण तिथीने मागेपुढे होते, तेवढी सूट धरून चालावे.

दिनदर्शिकेत छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी असते, हे नवख्या निरीक्षकाच्या ध्यानात राहत नाही. सकाळी नवमी असली तरी ती दुपारी संपून संध्याकाळी दशमी लागलेली असू शकते. तिथीची समाप्तीची वेळ पाहूनच बेत आखावा. लक्षात ठेवायला तीन सण पुरेसे आहेत. रामनवमीच्या संध्याकाळी टायकोवर सूर्योदयाची वेळ जवळ आलेली असते किंवा नुकतीच टळलेली असते, आणि चैत्रातला तो चंद्र महाराष्ट्रातून दिवेलागणीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो. दसऱ्याच्या संध्याकाळी विवराच्या पोटात सकाळ झालेली असते. कोजागरीला विवर ओळखायचे ते त्याच्या किरणांवरून, म्हणजे त्याच्यापासून चहूकडे पसरलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून. पावसाळ्याचे चार महिने मात्र सोडून द्यावे लागतात.

साधन आणि जागा

किरणपट्ट्यांसाठी १०×५० ची द्विनेत्री पुरते. विवराचा आतला भाग पाहण्यासाठी ६० ते ७० मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीणही चालते. दीडशे ते दोनशे मिलिमीटरची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, असेल तर उत्तमच. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (आरसा किंवा भिंग ज्या अंतरावर प्रकाश एकवटते ते अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १० मिलिमीटरचा आयपीस लावला तर १२० पट. एवढ्या वर्धनात टायको दीड अंश रुंद दिसते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो त्याच्या तिप्पट. त्याहून जास्त वर्धनाची हाव धरू नये, कारण हवा स्थिर नसेल तर मोठे झालेले चित्र नुसते थरथरत राहते.

दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत असते आणि तिच्यावरून वाहणारी हवा चित्र बिघडवते. शक्य असेल तर मातीचे अंगण किंवा गवताचे मैदान निवडावे. दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास तशीच राहू द्यावी, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी निवते. रामनवमीच्या वेळी चंद्र माथ्यावर असल्यामुळे डॉब्सोनियन वळवणे अवघड जाते. तेव्हा तासभर थांबून चंद्र थोडा पश्चिमेला कलू द्यावा.

टायको शोधण्याची वाट

चंद्रावर आपण जो ससा पाहतो तो लाव्हाच्या काळ्या मैदानांचा बनलेला आहे. टायको त्या सशाच्या बाहेर, दक्षिणेकडच्या उजळ डोंगराळ भागात आहे. पण आपल्याकडून पाहताना दक्षिण म्हणजे नेहमी खालची बाजू नव्हे. कोजागरीचा चंद्र पूर्वेला उगवतो तेव्हा टायको बिंबाच्या उजव्या अंगाला थोडे खाली असते, मध्यरात्री ते तळाशी येते आणि पहाटे पश्चिमेला डाव्या अंगाला जाते. त्यातच आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, आणि भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर डावे-उजवे बदलते. म्हणून नकाशा हातात घेण्याआधी आपल्या दुर्बिणीत चित्र कसे दिसते ते दिवसा दूरच्या एखाद्या पाटीवर पाहून ठेवावे. ती पाटी कशी दिसते, त्यावरून रात्री नकाशा कसा धरायचा ते कळते.

नवमीला सीमारेषेवर, बिंबाच्या मध्याजवळ, तीन मोठी विवरे एका ओळीत दिसतात. पहिले टॉलेमीचे, सुमारे दीडशे किलोमीटर रुंद आणि सपाट तळाचे, त्याखाली आल्फोन्सस, त्याखाली आर्झाकेल, हे तिघांत सर्वांत ठसठशीत. या ओळीवरून दक्षिणेकडे सरकत जावे. वाटेत पश्चिमेच्या काळ्या मैदानात सुरीने रेघ ओढावी तशी सरळ काळी रेषा दिसली तर ती ‘सरळ भिंत’ म्हणून ओळखली जाणारी, शंभर किलोमीटरहून लांब कडा आहे. तिथे दोन मिनिटे थांबण्यास हरकत नाही. आणखी दक्षिणेला विवरांची इतकी दाटी होते की नवखा माणूस गोंधळतो. त्या दाटीत दक्षिण टोकाजवळ क्लेव्हियस हे दोनशे किलोमीटरहून रुंद विवर शोधावे. त्याच्या पोटात लहान विवरांची कमान असल्याने ते चुकत नाही. क्लेव्हियसपासून पुन्हा मध्याकडे, त्याच्या रुंदीहून दीड-दोन पट अंतर परत आले की एक विवर असे लागते ज्याची कड झिजलेली नाही, भिंती पायऱ्या-पायऱ्यांच्या आहेत आणि मधोमध शिखर आहे. हेच टायको. शेजारची विवरे जुन्या, वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखी आणि टायको नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यासारखे, असा फरक मला दरवेळी जाणवतो.

हा फरक वयाचा आहे. आसपासचा डोंगराळ प्रदेश जवळपास चार अब्ज वर्षांचा आहे, तर टायकोचे वय सुमारे १० कोटी ८० लाख वर्षे मानले जाते. हा आकडा आला तो १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो १७ च्या चांद्रवीरांनी आणलेल्या नमुन्यांवरून. ते उतरले ती जागा टायकोपासून दोन हजार किलोमीटरहून दूर आहे, पण टायको घडवणाऱ्या आघातात उडालेले दगड तिथवर जाऊन आदळले आणि त्यांच्यामुळे तिथली दरड कोसळली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

विवराच्या पोटातली सकाळ

सूर्य उगवतो तेव्हा विवर म्हणजे शाईने भरलेली वाटी दिसते, फक्त कड उजळलेली असते. मग पश्चिमेची भिंत वरून खाली हळूहळू उजळू लागते, कारण तिचे तोंड पूर्वेकडे आहे. तळ अजून पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत असतो. टायकोच्या तळापासून कड सुमारे ४७०० मीटर उंच आहे आणि मधले शिखर तळापासून सुमारे २००० मीटर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, हे आठवले म्हणजे या उंचीची कल्पना येते.

आता एक छोटा हिशेब. शिखराच्या माथ्यापेक्षा कड २७०० मीटर उंच आहे आणि शिखर कडेपासून साधारण ४२ किलोमीटर आत आहे. या दोन अंतरांवरून असे निघते की सूर्य क्षितिजावर जवळपास चार अंश आला म्हणजे पहिला किरण शिखराच्या टोकाला लागेल. टायकोच्या अक्षांशावर सूर्य दिवसाला सुमारे नऊच अंश वर चढतो, म्हणजे चार अंशांना साधारण दहा तास लागतात. शिखराचे टोक उजळण्याचा क्षण आपल्या संध्याकाळी यावा असा योग क्वचितच जमतो, पण ज्या रात्री जमतो त्या रात्री काळ्या विवराच्या मधोमध एकच पांढरा ठिपका असतो आणि तासाभरात त्याचे दोन-तीन ठिपके होऊन एकमेकांना मिळतात. यासाठी नवमी संपता संपता आणि दशमी लागताना दर वीस मिनिटांनी आयपीसला डोळा लावावा. सलग पाहत बसल्यास बदल लक्षात येत नाही. थांबून थांबून पाहिल्यास येतो.

शिखराच्या माथ्यावर एक प्रचंड दगड आहे, सुमारे १२० मीटर लांबीचा. अमेरिकेच्या चांद्रकक्षेतील एलआरओ यानाने २०११ साली घेतलेल्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. आपल्या दुर्बिणीतून तो दिसणे शक्य नाही, कारण चंद्रावरचे १.८६ किलोमीटर म्हणजे आपल्याला एक विकला, आणि हा दगड त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढा. तरीही शिखर पाहताना तो तिथे आहे हे माहीत असावे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहिलेल्या वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. लोणारचे विवरही आघातानेच झाले, तेही काळ्या बेसॉल्टमध्ये, आणि म्हणूनच चंद्रावरील विवरांशी त्याची तुलना केली जाते. मग तिथे मध्ये शिखर का नाही? कारण आकार. लोणारची रुंदी दोन किलोमीटरहून कमी आहे. लहान आघातात साधी वाटी तयार होते. टायकोएवढ्या आघातात तळाचा खडक दाबला जाऊन उसळून वर येतो आणि तसाच थिजतो, शिवाय उभ्या भिंती आपल्याच भाराने खचून पायऱ्या बनतात. दशमीच्या रात्रीनंतर आणि एकादशीला, तळ पुरता उजळल्यावर, या पायऱ्या मोजण्याचा प्रयत्न करावा.

नाव कुणी दिले आणि शेजारी कोण

१६४७ साली खगोलशास्त्रज्ञ योहानेस हेवेलियस यांनी आपल्या चंद्राच्या नकाशात या जागेला सिनाई पर्वत म्हटले होते. आज चालणारे नाव १६५१ सालचे आहे. इटलीतील बोलोन्या येथील जेसुइट धर्मगुरू जोवान्नी बात्तिस्ता रिच्चोली यांनी त्यांचे सहकारी ग्रिमाल्दी यांनी काढलेल्या नकाशावर विवरांना खगोलशास्त्रज्ञांची नावे दिली. रिच्चोली यांना विश्वाची जी रचना मान्य होती ती ब्राहे यांच्या रचनेचेच (पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती आणि ग्रह सूर्याभोवती) सुधारलेले रूप होते. सर्वांत तेजस्वी किरणांचे विवर ब्राहे यांच्या वाट्याला आले, यामागे हा आदर असावा असे मला वाटते.

टायकोच्या भोवती नजर फिरवली तर ब्राहे यांच्या आयुष्यातली माणसे भेटतात. पश्चिमेला विल्हेल्म नावाचे झिजलेले मोठे विवर आहे. जर्मनीतील हेसे-कासेलचा हा खगोलप्रेमी राजपुरुष, ज्याची ब्राहे यांनी १५७५ साली भेट घेतली आणि ज्याने त्यांची शिफारस डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्याकडे केली. उत्तरेला सासेरिडेस, नैर्ऋत्येला लाँगोमाँटानुस; हे दोघेही ब्राहे यांचे साहाय्यक. सीमारेषा पुढे सरकते तशी दशमीला लाँगोमाँटानुसवर सकाळ होते. नकाशा घेऊन ही तिन्ही विवरे त्याच बैठकीत ओळखावीत, म्हणजे टायकोचा परिसर कायमचा ध्यानात राहतो.

ब्राहे यांच्याविषयी द्वंद्वात कापले गेलेले नाक आणि मृत्यूबद्दलच्या वावड्या यांच्याच गोष्टी अधिक सांगितल्या जातात. १९०१ आणि २०१० मध्ये त्यांचे प्रागमधील थडगे उघडले गेले. दुसऱ्या तपासणीत पाऱ्याच्या विषप्रयोगाला आधार मिळाला नाही आणि कृत्रिम नाक पितळेचे असल्याचे दिसले. तेवढे पुरे. त्यांचे खरे मोठेपण उपकरणांत आणि चिकाटीत आहे. १४ डिसेंबर १५४६ रोजी त्यांचा जन्म झाला. सोळा वर्षांचे असताना, १५६३ साली, त्यांनी गुरू-शनीची युती पाहिली आणि ग्रहांच्या जागा सांगणारी त्या काळची कोष्टके कित्येक दिवसांनी, जुनी कोष्टके तर सुमारे महिन्याने चुकलेली आढळली. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा झळकला. चंद्र पृथ्वीच्या किती जवळ आहे ते त्याच्या जागेत पडणाऱ्या फरकावरून कळते; निरीक्षकाची जागा बदलली की तो ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे अंशभर हलल्यासारखा दिसतो. या नव्या ताऱ्यात ब्राहे यांना असा फरक सापडला नाही, म्हणून तो चंद्राच्या पलीकडे आहे हे ठरले आणि तिथले आकाश कधी बदलत नाही हे जुने मत डळमळले.

१५७६ साली राजाने त्यांना डेन्मार्क आणि आजच्या स्वीडनच्या मधले व्हेन बेट दिले. तिथल्या उरानिबोर्ग वेधशाळेत भिंतीवर बसवलेला सुमारे दोन मीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस होता. एवढ्या मोठ्या कंसावर एक कला म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जास्त जागा. तेवढी फट डोळ्यांनी वाचता यावी म्हणून त्यांनी अंशांच्या रेघांमध्ये तिरप्या ओळीत ठिपके कोरून घेतले होते. चंद्राच्या गतीतील एक फरकही त्यांनी टिपला. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्यांना तो नसतो, पण मधल्या काळात, चतुर्थी आणि द्वादशीच्या सुमारास, चंद्र अपेक्षित जागेपासून चाळीसएक कला मागेपुढे होतो. आपल्याकडे ओडिशातील खंडपाडा येथील खगोलशास्त्रज्ञ सामंत चंद्रशेखर यांनी एकोणिसाव्या शतकात, बांबू-लाकडाच्या साधनांनी आणि युरोपीय ग्रंथांची मदत नसताना, हाच फरक स्वतंत्रपणे शोधला, याची नोंद इथे करायलाच हवी.

दुर्बीण आणि घड्याळ घेऊन मोजमाप

यासाठी मोटार नसलेली दुर्बीण लागते. मोटार असल्यास ती बंद करावी. पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र आयपीसमधून आपोआप सरकतो. चंद्र खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या वर्तुळाजवळ) असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे १४.५ विकला असतो. चैत्रातल्या उंच चंद्राच्या वेळी तो १३ विकलांच्या आसपास उतरतो. टायको दृश्याच्या मधोमध, सरकण्याच्या दिशेने ठेवावे आणि सोडून द्यावे. विवराची पुढची कड दृश्याच्या काठाला टेकताच घड्याळ सुरू करावे, मागची कड नाहीशी होताच थांबवावे. सुमारे तीन सेकंद भरतील. समजा सरासरी ३.१ सेकंद आली: ३.१ × १४.५ म्हणजे ४५ विकला, आणि ४५ × १.८६ म्हणजे जवळपास ८४ किलोमीटर.

एकाच मापावर विसंबू नये. बोटाचा दोन दशांश सेकंदाचा उशीर म्हणजे पाच-साडेपाच किलोमीटरची चूक. किमान दहा मापे घ्यावीत, सगळी लिहावीत, न पटलेले मापही खोडू नये आणि मग सरासरी काढावी. चंद्राचे अंतर ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ६ हजार किलोमीटर असे बदलत असल्याने त्या रात्रीचे अंतर पाहून १.८६ हा आकडा त्याच प्रमाणात सुधारावा. उत्तर-दक्षिण माप घेतल्यास ते कमी येईल, कारण टायको गोलाच्या उतारावर आहे आणि आपल्याला लंबगोल दिसते.

पौर्णिमा आणि त्यानंतर

पौर्णिमेला शिखर आणि पायऱ्या हरवतात, पण टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले दिसतात. द्विनेत्री भिंतीला किंवा झाडाच्या फांदीला टेकवून धरावी. विवराच्या कडेलगत एक करडे कडे दिसते, त्याच्या बाहेर किरण सुरू होतात. ते सर्व बाजूंना सारखे नाहीत. पश्चिमेकडे ते फारसे नाहीत, त्यावरून आघात पश्चिमेकडून तिरपा झाला असावा असे मानतात. जानेवारी १९६८ मध्ये सर्व्हेयर ७ हे यान टायकोच्या उत्तर कडेपासून तीसएक किलोमीटरवर उतरले आणि तिथल्या मातीत काळ्या मैदानांपेक्षा लोह कमी व ॲल्युमिनियम जास्त असल्याचे त्याने दाखवले. याच रात्री टायकोच्या आग्नेयेचे मॅगिनस हे दीडशे किलोमीटरहून रुंद विवर शोधून पाहावे. नवमीला सहज ओळखलेले हे विवर पौर्णिमेच्या उजेडात सापडत नाही.

वद्य नवमीसाठी मध्यरात्रीनंतर उठावे लागते. पहाटे चारला चंद्र पूर्वेच्या आकाशात चांगला वर असतो, हवाही थंड आणि बरीच शांत असते. आता सावल्या उलट पडतात. नवमीला प्रथम उजळलेली पश्चिमेची भिंत आता अंधार टाकते, आणि पूर्वेच्या भिंतीच्या ज्या पायऱ्या तेव्हा काळोखात होत्या त्या पहिल्यांदा नीट दिसतात. शुद्ध नवमीचे आणि वद्य नवमीचे रेखाचित्र एकाच कागदावर शेजारी-शेजारी काढावे, दोन्हींखाली तारीख, वेळ, तिथी, वर्धन आणि हवेची स्थिती लिहावी. शिखराचे टोक विझेपर्यंत थांबता आले तर ती वेळही नोंदवावी.